तीन खिशांतल्या तीन वाट्या

नालवाडी, वर्धा
२२ एप्रिल १९५८

प्रिय श्रावण,

पह्यले माही चूक सांगून टाकतो, मंग बाकीचं. तू बापूराव मास्तरले लिवलेली चिट्ठी मी त्याईले खोटी वाचून दाखवली. तुले त मालूम हाय, मास्तरच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तवापासून त्याईची सारी टपाल मीच वाचतो. चौथी पास हावो न मी, अख्ख्या बँडात माह्याहून शिकलेला कोन हाय? पोस्टमननं चिट्ठी माह्या हातात देल्ली तवा मास्तर खाटेवर बसले होते, अन् बाजूले हिरालाल त्याचा तो अजगरावानी आंगाले गुंडाळायचा बेस पुसत होता. मी पाकीट फोडलं. पह्यलीच ओळ पाह्यली अन् चिट्ठी डोळ्याजवळ नेली. तू लिवलं होतं, "मास्तर, माहा ओठ गेला. आता मी बाजाले हात लावनार नाई. मामासंग लाकडाच्या टालावर कामाले जातो. बुद्धपुनवेच्या मिरवनुकीले माही वाट पाहू नका." मास्तर म्हनले, "वाच न बे, का अक्षर लागत नाई?" अन् माह्या तोंडातून निंगालं, "मास्तर, जय भीम. माही तब्येत एकदम फस्टक्लास हाय."

एक डाव तोंड उघडलं का माह्याच्यानं बंद होत नाई. मी वाचतच गेलो. ओठ बरा झाला, माय रोज कढी खाऊ घालते, हिंगणीत लय करमत नाई, पुनवेच्या आदल्या दिशी येतो, इफोनियम घासून ठेवा. मास्तरचं तोंड असं फुललं का काय सांगू. म्हनले, "पुन्यांदा वाच." आता मघाशी काय वाचलं हे मले कुठं ध्यानात? दुसऱ्या डाव मी कढीचं पिठलं करून टाकलं. हिरालालचे कान ससावानी. म्हनला, "अबे, मघा त कढी होती, आता पिठलं कसं झालं?" मी म्हनलो, "दोन ओळी हाय लेका. एकीत कढी हाय, एकीत पिठलं. तुह्यावानी सारं एकाच ताटात कालवून नाई खात तो." हासले सारे, निभावलं. पन मास्तर उठले. पेटीतून इफोनियम काढला, चिंच भिजू घातली, राख घेतली अन् आंगनात बसून तो ढेरपोट्या बाजा मांडीवर लेकरावानी घेऊन घासाले लागले. दिसत नाई त बोटानं चाचपून-चाचपून घासतात. आज चवथा दिवस हाय. रोज सकाळी घासतात, रोज मले इचारतात, "चमकला काय रे?" मी म्हनतो, "चमकला." अन् तुही खरी चिट्ठी माह्या सदऱ्याच्या खिशात घामानं ओली होऊन राह्यली.

तू म्हनशीन, लहान्या, हा कारभार तू काऊन केला? सांगतो. त्यासाठी जरा मांगून सुरू करा लागते. अन् राग येन त येऊ दे, पन चिट्ठी फाडजो नको. खरं सांगू काय, मी तुह्यावर जळत होतो. आज-कालचा नाई, चार सालापासून. तोंडावर दात काढत होतो अन् आतून चुलीतल्या तुराट्यावानी तडतड जळत होतो.

तू हिंगणीहून आला तवा तुले बाजा कोन्या बाजूनं फुंकतात हेई मालूम नव्हतं. मोठ्या तोंडातून आत डोकावून पाह्यलं होतं तू, जसा काही आत कोनी बसून गाऊन राह्यला. मीच तुले विहिरीच्या पारावर बसवलं अन् माह्या सोताच्या कारनेटवर पह्यला सूर काढाले शिकवला. गाल फुगवू नको, ओठ आवळ, पोटातून हवा दे, थुंकी आत सोडू नको. सारं मी सांगतलं. माहं सांगनं होये अन् तुहं शिकनं होऊन जाये. मले जे शिकाले सात महिने लागले ते तू पंधरा दिसात वाजवलं. लोकं म्हने, "लहानूनं पोट्टा चांगला तयार केला." मले आनंद झाला, नाई असं नाई. पन तो आनंद कसा होता सांगू? आपल्या वावरातलं पानी शेजाऱ्याच्या वावरात जाऊन त्याचंच पीक हिरवं व्हावं अन् लोकायनं म्हनावं, पानी कोनाचं हाय पाहा! पानी माहं हाय हे खरं, पन पीक त त्याचंच न बाप्पा.

तरी तू कारनेटवरच राह्यला असता त मी सहन केलं असतं. पुढचा कारनेट मी, मांगचा तू, सारं ठीक होतं. पन तो इफोनियमवाला बुढा त्याच्या रेल्वेतल्या पोराकडे राहाले गेला अन् मास्तर घाबरले. तुले आठवते, दीक्षेनंतरचे दिवस होते. वस्तीतल्या म्हाताऱ्यायनं डफडं खाली ठेवलं होतं अन् बँडाचं काय करायचं म्हनून बैठक बसली होती. मास्तर तिथी उभे राह्यले अन् म्हनले, "डफडं आपल्या गळ्यात दुसऱ्यानं टाकलं होतं. हा पितळेचा बाजा आपन आपल्या हातानं उचलला. हा वाजवू, पन आपल्या मर्जीनं, अन् असा वाजवू का आयकनाऱ्यानं टोपी काढावी." आता एवढं बोलून बसल्यावर बँडात इफोनियमच नाई, त वाजवाचं काय? गान्याचं पोटच रिकामं. अन् तू, दीडशहाण्या, हात वर केला. "मास्तर, मी पाहू काय वाजवून?"

मास्तर पह्यले नाईच म्हनले. आठवते का त्याईचं बोलनं? "कारनेटची तोंडाले लावायची वाटी चिल्लर, तिथी ओठ आवळा लागते. इफोनियमची वाटी मोठी, तिथी ओठ सोडा लागते. घडी-घडी आवळत-सोडत राहाशीन त एक दिवस ओठ पायजम्याच्या जुन्या नाड्यावानी होईन. ना धड आवळता येईन, ना सोडता येईन." तू म्हनला, "एक गानं त वाजवू द्या." वाजवलं. मास्तर उठून गेले अन् येतांना गुळाचा खडा घेऊन आले अन् तुह्या तोंडात टाकला. सहा साल मी कारनेट वाजवून राह्यलो श्रावण, मले त्याईनं कधी गूळ नाई देल्ला. शेंगदाना नाई देल्ला!

मंग तुले चटकच लागली. दोन महिन्यात हात लांबवायचा तो ट्रंबोनई तू शिकला. आपल्या बँडपार्टीचा कायदा हाय का बाजे सारे मास्तरच्या पेटीत राहाचे, पन तोंडाले लावायची पितळी वाटी ज्याची त्याच्या घरी. एकाची वाटी दुसऱ्यानं ओठाले लावायची नाई, सख्खा भाऊ असला तरी. माही एक वाटी, मायनं शिवलेल्या थैलीत. तुह्या तीन. अन् त्या तीन वाट्यायसाठी तू बँडाच्या लाल कोटाले आतून तीन खिसे शिवून घेतले. तू चालला का त्या एकमेकीवर आपटून वाजे, छन् छन्, बंडीच्या बैलावानी. जेवाले बसला का छन्. उठला का छन्. मले वाटे, हा मुद्दाम हालून राह्यला. तू घरी गेल्यावरई ते माह्या कानात वाजत राहे.

अन् घरी माही माय! सख्खी माय, कमलाबाई लहानूची आई, पन तू आमच्या घरी जेवाले बसला का आंब्याच्या लोनच्यातली मोठी फोड तुह्या भाकरीवर. म्हने, "त्याले तीन बाजे फुंका लागतात रे, तुले काय, एक." हे कोनतं गनित हाय? मी जिनात दिवसभर कापसाच्या गासड्या वाहून येतो, नाकातोंडात कापूस, आंगाले कापूस, अन् लोनचं कोनाले? श्रावणले!

म्हनून मी ते एका बाजाचं पुरान सुरू केलं. मास्तरनं जे एक डाव म्हनलं होतं ते मी रोज दहा डाव म्हनाले लागलो. चाहाच्या टपरीवर, तालमीत, वरातीत, जिथी चार मानसं भेटली तिथी. न्हाव्यानं दाढी करावी. तो उद्या कपडे शिवाले बसला त लोकं काय घालतीन? ज्याले तीन बाजे येतात त्याले एकई येत नाई. तुह्या ओठाकडे पाहून म्हनो, "श्रावण, वरचा ओठ जरा पातळ दिसून राह्यला बे. तूप लावून झोपत जा." तू काय म्हनला होता हे सारी टपरी अजून सांगते. "लहान्या, तोंड एकच हाय तुहं. त्यानंच तू जेवतो, त्यानंच शिव्या देतो, त्यानंच शिट्टी मारतो. तवा नाई बिघडत?" हिरालालच्या नाकातून चाहा निंगाला. मीई हासलो. पन त्या दिवशी मी घरी जाऊन भाकर खाल्ली नाई, मायले सांगतलं पोट दुखते.

तू तालमीत वाजवे तवा मी समोर बसून चिंच चोखो, ध्यानात असन तुह्या. समोरच्याची चिंच पाहून बाजेवाल्याच्या तोंडाले पानी सुटते अन् सूर बिघडते, लहान पोट्ट्यायलेई मालूम हाय. तू काय केलं? डोळे झाकले अन् वाजवत राह्यला. गानं सरल्यावर माह्या हातातली उरलेली चिंच घेऊन सोता खाऊन टाकली. असा तू. तुह्यावर जळाचं त जळाचं कसं, तू जळूई देत नव्हता धड.

आता पिपरीच्या लगनाचं सांगतो. होळीच्या आधीचं ते, प्रभाकरराव कारकुनाच्या पोरीचं. मी त्या दिवशी जिनातून सीधा आलतो, हातपाय धुवाले फुरसत नाई, सदऱ्यावरच लाल कोट चढवला. टोपीत तुरा खोवला. तो तुरा पुढच्या कारनेटवाल्याचा, सहा साल माह्याच टोपीत. वरात निंघाची होती अन् मास्तर माह्याजवळ आले. म्हनले, "लहानू, नवरदेवाकडच्यायले ते सिनेमाचं नवं गानं पाह्यजे. श्रावणले पुढे राहू दे, तू मांगून धर. देवळापासून तो इफोनियम घेईन, मंग तू पुढे ये." एवढंच. अन् मास्तरनं चाचपून माह्या टोपीतला तुरा काढला अन् तुह्या टोपीत खोवला. त्याईच्या मनात काई नसन. अर्ध्या वाटेचाच हिशेब तो. पन साऱ्या पार्टीनं पाह्यलं. हिरालालनं बेसच्या मांगून डोळा मारला. अन् तू मान झुकवून उभा राह्यला, तुरा नीट बसावा म्हनून.

तू पुढे वाजवत गेला, मी मांगून पूं-पूं करत. बाया ओट्यावर आल्या. पोट्टे तुह्या मांगं-मांगं. देवळापाशी लिंबाचं सरबत वाटलं तवा सारे बाजे एका खाटेवर ठेवले होते. सरबत पिऊन झालं, तू छोटी वाटी खिशात घातली, मोठी काढली, इफोनियम उचलला अन् फुंकला. अन् त्यातून काय निंगालं? म्हशीच्या घशात कडबा अडकावा तसं. तू पुन्यांदा फुंकला. फुस्. लोकं हासाले लागले. नवरदेवाचा मामा वरडला, "बाजेवाल्याले सरबत बाधलं वाटते!" तुहं तोंड लाल झालं. तू खटके दाबले, बाजा झटकला, पानी काढलं, अन् मंग सारी ताकद लावून फुंकत राह्यला, फुंकत राह्यला, गळ्याच्या शिरा दोरावानी झाल्या, अन् तुह्या वरच्या ओठाले चीर पडली. पितळेवर लाल थेंब दिसला. तू इफोनियम ठेवून कारनेट उचलला त फाटक्या ओठातून त्यातूनई नुसती हवा. मास्तर चाचपत आले, तुह्या टोपीतला तुरा काढला अन् माह्या टोपीत लावला.

खोटं कायले बोलू, त्या दिवशी मी जे वाजवलं ते जिंदगीत कधी वाजवलं नव्हतं. मांडवापर्यंत मी आभाळात होतो. मांगं वळून पाह्यलंई नाई का तू कुठी हाय. तू लिंबाच्या झाडाखाली ओठाले फडकं लावून बसला होता म्हने.

दुसऱ्या दिशी सकाळी मास्तरच्या आंगनात सारे जमा झाले. मास्तर म्हनले, "बाजात खोट हाय का ओठात, हे आधी पाहू." हिरालालले त्याईनं वखारीतली जुनी पडलेली वाटी देल्ली अन् इफोनियम फुंकाले लावला. भोंऽऽ! असा खनखनीत वाजला का कोंबड्या उडाल्या. मंग झालं. बाजा बरा हाय म्हनल्यावर दोष ओठाचाच. मास्तर खाली बसले. म्हनले, "मीच चुकलो रे पोरा. मले मालूम होतं, अन् तरी मी माह्या सोयीसाठी तुले तीन बाजे देल्ले." तू तीन आठवडे ओठाले साजूक तूप लावलं, चीर भरली. पन त्यानंतर तू जवा-जवा वाटी ओठाले लावली तवा लगेच काढून घेतली. फुंकाच्या आधीच तू ओठ मांगं घे, जसा तापल्या तव्याले शिवून राह्यला. तीनई वाट्या लावून पाह्यल्या, तीनईतून हवा. मंग एक दिवस तू तिन्ही वाट्या रुमालात बांधल्या, मास्तरच्या कोनाड्यात ठेवल्या अन् रामाजी गाडीवानाच्या बंडीत बसून हिंगणीले निंघून गेला. मी वस्तीच्या टोकापर्यंत पोचवाले आलतो. तू म्हनला, "लहान्या, तूच खरा निंगाला बे." अन् मी काय केलं? मान हालवली. हो म्हनलो!

तू गेल्यावर मास्तरनं कायदा केला, एक मानूस एक बाजा. मी जिकलो न? आता आयक मी काय जिकलो. इफोनियम कोन वाजवन म्हनून शोध सुरू झाला, अन् मास्तर मले म्हनले, "लहानू, तू घे. तुहा ओठ आजपर्यंत एकाच बाजावर राह्यला, एकदम पक्का हाय. तू कारनेट सोड अन् इफोनियम धर." माह्या टोपीतला तुरा गेला, आता मांगच्या कारनेटवर नव्या आलेल्या पोट्ट्याच्या टोपीत हाय, ज्याले अजून सरळ चालता येत नाई. अन् मले इफोनियम येत नाई. आता सांगतोच, मले तो आधीई येत नव्हता. मांगच्या साली तू आंघोळीले गेला का मी तुही मोठी वाटी चोरो, इफोनियम घेऊन तुरीच्या वावरात जाओ अन् फुंको. महिनाभर केलं. कायदा मोडला, दुसऱ्याची वाटी तोंडाले लावली. सूर नाई निंगाला. एक म्हैस रोज यायची आयकाले, तिनंई शेवटी येनं सोडलं. एक बाजा, एक बाजा म्हनून मी जे वरडत होतो न, त्याच्या मांगं एवढंच होतं. मले दुसरा जमत नव्हता, म्हनून कोनालेच जमू नये.

चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवनूक झाली. तू असता त लाज वाटली असती तुले. मी इफोनियमवर नुसते गाल फुगवून चाललो, वाजवल्याचं सोंग. हिरालाल म्हनला, "लहान्या, तू लय हळू वाजवते बे, मले माहाच बेस आयकू येते." ट्रंबोनवाला तापानं पडला त त्याची जागा रिकामी. पह्यले असं झालं का मास्तर नुसते म्हने, "श्रावण!" अन् तुह्या खिशात छन् वाजे, अन् जागा भरून जाये. आता मास्तर म्हनले, "श्राव..." अन् थांबले. साऱ्यायनं आयकलं. घरी मायनं लोनच्याची मोठी फोड माह्या ताटात टाकली. म्हनली, "घे, आता तूच राह्यला." मी ती फोड तशीच बाजूले ठेवली. त्या फोडीसाठी मी चार साल मेलो होतो.

अन् मंग चार दिसाआधी तुही चिट्ठी आली. तिच्यातल्या शेवटच्या ओळी मी वर लिवल्या नाई अजून. तू मास्तरले लिवलं हाय, "पुढचा कारनेट लहानूपासून घेऊ नका. तो एकच वाजवते पन जीव लावून वाजवते. अन् मले पह्यला सूर त्यानंच देल्ला, तो माहा गुरू हाय. त्याचं मी आयकलं असतं त माहा ओठ राह्यला असता." हे मी मास्तरले कसं वाचून दाखवू? तूच सांग. हे सोडून दुसरं कायई वाचलं असतं. कढी वाचली, पिठलं वाचलं, पन हे माह्या तोंडातून निंगालं नसतं.

कारन श्रावण, तुह्या ओठाले काईच झालं नाई. आता लिवतो. त्या दिवशी देवळापाशी सारे सरबत पीत होते तवा मी माह्या सदऱ्याच्या खिशातला जिनातला कापूस काढला, बोळा केला अन् छत्रीच्या मोडक्या काडीनं तुह्या इफोनियमच्या नळीत आतवर ढकलला. मले वाटलं, दोन-चार डाव फुस् होईन, लोकं हासतीन, तुरा कायमचा माह्याकडे येईन, बस. तू ओठ फाटेपर्यंत फुंकत राहाशीन हे मले कुठं ठाऊक? माह्यावानी मानूस दोन डाव फुंकून बाजा ठेवून देते. सांजच्याले बाजे पुसून ठेवतो म्हनून मीच पेटी घेतली अन् तार वाकवून तो बोळा ओढून काढला, म्हनून दुसऱ्या दिशी हिरालालच्या तोंडून तो खनखनीत वाजला. मास्तर खाली बसले तवा मी त्याईच्या बाजूलेच उभा होतो, अन् बोललो नाई. तवा ओठ तुहा फाटला हे खरं, पन तो कापसानं फाटला, तीन बाजायनं नाई. अन् चीर त कवाची भरली. आता जे हाय ते नुसतं भेव हाय, अन् ते मी घातलं हाय. या चिट्ठीसंग रामाजीच्या हाती फडक्यात बांधून तुही मोठी वाटी पाठवून राह्यलो. मास्तरच्या कोनाड्यातल्या रुमालातून काढली, तिच्या जागी जिनातला एक लोखंडी नट ठेवला, त्याईनं चाचपलं तरी तीन लागतीन. तू टालावरून जरा जंगलात एकटा जा, नुसती वाटी ओठाले लाव अन् फुंक. वाजते का नाई ते पाह्य. वाजली का पुनवेच्या आदल्या दिशी रामाजीच्या बंडीत बस अन् ये. मले माराचं असन त वस्तीच्या टोकाशीच मार, मी तिथी उभा राहीन. मी अजूनई तुह्यावर जळन, ते माह्याच्यानं सुटनार नाई, पुढचा कारनेटई मी परत घेईन, तो सोडनार नाई. पन इफोनियम तुहा, ट्रंबोन तुहा, अन् खिशात कापूस मी पुन्यांदा घेऊन येनार नाई, आंग झटकून येईन. फक्त एक कर. मास्तरले सांगू नको, ते तो बाजा अजून घासून राह्यले. हिरालालले त बिलकुल नको, नाईतर उद्या साऱ्या वर्धेले समजन. माह्या मायले नको, ती लोनच्याची बरनी कुलपात ठेवन. ही चिट्ठी वाचून चुलीत घाल, तुही मी इकडे घालतो. पाया पडतो श्रावण, तुह्या तिन्ही वाट्यायच्या पाया पडतो, कोनाले सांगजो नको.

तुहाच,
जळकुकडा लहानू